बोदोनीच्या बारीक रेघा, पैठणीचं दुकान आणि मराठी पाटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: येवल्याची पैठणी विकणाऱ्या एका नव्या दुकानाचं काम तुमच्याकडे आलं आहे. मालकीणबाईंना फॅशन मासिकाच्या नावासारखं उंची दिसणारं इंग्रजी अक्षर हवं आहे आणि मराठीही त्याच थाटाचं. इंग्रजीला तुम्ही बोदोनी हा जाड-बारीक रेघांचा फाँट लावलात. स्क्रीनवर सुरेख दिसलं, पण व्हिजिटिंग कार्ड छापून आलं तर बारीक रेघा गायब आणि अक्षरांचे तुकडे. मराठीत तसा फाँट मिळत नाही. आणि आता दुकानाची पाटी करायची आहे.

आधी कार्डाचं बघू. फाँट बिघडलेला नाही आणि प्रेसवाल्यानेही बहुधा काही चुकवलेलं नाही. हिशेबच जमण्यासारखा नव्हता. फाँटच्या उंचीचे १००० भाग धरले, तर तुम्ही वापरलेल्यासारख्या नाजूक बोदोनीत सगळ्यात बारीक रेघ साधारण २० भागांची असते. ७२ पॉइंटला ती १.४४ पॉइंट, म्हणजे जवळपास अर्धा मिलिमीटर भरते. हेच अक्षर कार्डावर १२ पॉइंटला लावलं की रेघ उरते ०.२४ पॉइंट, मिलिमीटरमध्ये ०.०८५. ऑफसेटवाले काळ्या शाईच्या सुट्या रेघेसाठी पाव पॉइंट ही खालची हद्द धरतात. म्हणजे पांढऱ्या कागदावर निव्वळ काळ्यात छापलं असतं तरी तुम्ही काठावरच होता.

तुम्ही मात्र नाव सोनेरी केलंत, आणि तेही चार रंगांच्या मिश्रणातून. चार रंगांत सोनेरी म्हणजे पिवळा, थोडा गुलाबी, जरासा काळा, असे वेगवेगळ्या टक्क्यांचे ठिपके. १७५ लाइनच्या स्क्रीनला, म्हणजे इंचाला ठिपक्यांच्या १७५ ओळी असतील तर, दोन ठिपक्यांमधलं अंतर ०.१४५ मिलिमीटर असतं. रेघ ०.०८५ची आणि ठिपके ०.१४५वर. काही ठिकाणी रेघेच्या वाट्याला अर्धा ठिपका येतो, काही ठिकाणी काहीच येत नाही. भिंगाखाली कार्ड धरा, रेघेच्या जागी तुटक टिंबं दिसतील. त्यात रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं, केसभर हललं की संपलंच.

म्हणून या जातीच्या अक्षराला एकच सपाट शाई द्या. सोनेरीच हवं असेल तर तयार धातूची शाई किंवा फॉइल, म्हणजे दाबून चिकटवलेला सोनेरी वर्ख. पण फॉइलला रेघ आणखी जाड लागते. पाऊण पॉइंटच्या खाली फॉइल कुठे धरतं, कुठे सुटतं, आणि हातकागदासारख्या खडबडीत कागदावर तर पाऊणही धाडसाचंच. २० भागांची रेघ पाऊण पॉइंट व्हायला अक्षर ३८ पॉइंटच्या आसपास न्यावं लागतं. गडद रंगावर अक्षर पांढरं सोडायचं असेल, म्हणजे रिव्हर्समध्ये, तर शाई दोन्ही बाजूंनी आत पसरते, तेव्हा किमान अर्धा पॉइंट धरा, म्हणजे अक्षर २५ पॉइंट. फाइल पाठवण्याआधी हा गुणाकार करायची सवय लावून घ्या, मिनिटभराचं काम आहे: सगळ्यात बारीक रेघेचे भाग भागिले हजार, गुणिले छापायचा पॉइंट.

कोरलड्रॉमध्ये अक्षराला त्याच रंगाची बारीक आउटलाइन देऊन वेळ मारून नेण्याची पद्धत तुम्हाला माहीत असेलच. जाणकार नाकं मुरडतात, पण त्यात तथ्य आहे. १२ पॉइंटला ०.२ची आउटलाइन दिली की ०.२४ची बारीक रेघ ०.४४ होते, म्हणजे जवळपास दुप्पट. १.६८ची जाड रेघ मात्र १.८८ होते, वाढ जेमतेम आठवा हिस्सा. जाड-बारीकाचं प्रमाण सातास एकवरून सव्वाचारास एकवर येतं आणि अक्षर वाचतं. फक्त कोपरे गोल होऊ देऊ नका, आउटलाइनचा कोपरा टोकदार ठेवा. आणि आतल्या पोकळ्या बुजत नाहीत ना, ते बघा. एखादं कार्ड निभावून न्यायला हे ठीक आहे. दुकानाच्या कायमच्या चिन्हासाठी नको.

आता मुळात असं का, ते सांगतो, कारण पुढचा मराठीचा मुद्दा त्यावरच उभा आहे. छपाईच्या धातूच्या खिळ्यांच्या काळात प्रत्येक मापाचं अक्षर वेगळं कापलं जायचं. पार्माला जांबातिस्ता बोदोनीने आणि पॅरिसमध्ये फिर्मँ दीदोने अठराव्या शतकाच्या अखेरीस हे उभ्या ताठ जाड रेघांचं, केसासारख्या आडव्या रेघांचं अक्षर टोकाला नेलं. त्याआधी इंग्लंडमध्ये बास्करव्हिलने १७५७च्या सुमारास गुळगुळीत कागद आणि काळीभोर शाई वापरून वाट करून ठेवली होती, नाहीतर खरबरीत कागदावर असल्या रेघा उमटल्याच नसत्या. बोदोनी १८१३ला वारला. त्याच्या अक्षरांचा दोन खंडांचा नमुनाग्रंथ त्याच्या बायकोने १८१८मध्ये पुरा करून काढला. त्यात एकाच वळणाचं अक्षर लहान-मोठ्या मापांत मांडलेलं आहे, आणि लहान मापांत बारीक रेघा प्रमाणाने जाड आहेत, अक्षरं थोडी रुंद आणि सुटी आहेत.

पुढे फोटोटाइपसेटिंग आणि नंतर संगणक आला. एकच चित्र हवं तेवढं ताणा किंवा दाबा. तिथे ही समज हरवली. मोठ्या मापासाठी काढलेलं चित्र सहा पॉइंटला दाबलं जाऊ लागलं आणि लोक म्हणू लागले की बोदोनी वाचवत नाही. १९९२मध्ये हार्पर्स बझार मासिकाचं नवं रूप फाबिएँ बारोन करत होता, तेव्हा जोनाथन हॉफ्लरने त्यासाठी दीदो नव्याने काढली. ती सात मापांची वेगवेगळी चित्रं होती, ६ पॉइंटपासून ९६ पॉइंटपर्यंत. उद्देश हाच की मथळा केवढाही असो, पानावर बारीक रेघ तेवढीच बारीक दिसावी. तुमच्या मालकीणबाईंच्या डोळ्यासमोर जे 'श्रीमंत' अक्षर आहे, त्यातली अर्धी श्रीमंती या मापाच्या निवडीत आहे.

त्यामुळे इंग्रजीसाठी माझं म्हणणं सरळ आहे. ज्या फाँटमध्ये मापांची सोय आहे तोच घ्या. फुकटात हवा असेल तर बोदोनी मोडा आहे, त्यात ऑप्टिकल साइझचा अक्ष, म्हणजे मापानुसार चित्र बदलायची सोय, ६ ते ९६ अशी आहे. कार्डावरच्या नावाला खालच्या टोकाकडचं माप लावा, कॅटलॉगच्या मुखपृष्ठाला वरचं. विकत घेण्यात आयटीसी बोदोनीचे सिक्स, ट्वेल्व्ह आणि सेव्हन्टी-टू असे तीन वेगळे कट मिळतात. प्लेफेअर डिस्प्ले सगळीकडे दिसतो, वाईट नाही, जरा दणकट असल्यामुळे छपाईत तगतोही. पण लग्नपत्रिका, केकची दुकानं, ब्युटी पार्लर, सगळ्यांनी तो इतका वापरला आहे की पैठणीच्या दुकानाला वेगळेपण मिळणार नाही. आणि पत्ता, फोन नंबर, जीएसटी क्रमांक या अक्षरात लावू नका, कोणत्याही मापाचा कट असला तरी. त्यासाठी साधं, सारख्या जाडीचं अक्षर ठेवा.

आता मराठी. बोदोनी जशीच्या तशी देवनागरीत का उतरत नाही, हे टाक किंवा बोरू हातात धरल्याशिवाय नीट कळत नाही. रोमन, म्हणजे इंग्रजीची लिपी, लिहिणाऱ्याच्या टाकाची जीभ एका बाजूला कललेली असते, आपल्या बोरूची जीभ उलट बाजूला तिरकी कापतात. त्यामुळे वरून डावीकडे उतरणारी रेघ आपल्याकडे जाड येते आणि वरून उजवीकडे उतरणारी बारीक. 'व'चं पोट बघा: डावीकडून वरची बाजू भरलेली, खालची निमुळती. आणि जीभ ४५ अंशांच्या आसपास असल्याने उभा काना आणि आडवी शिरोरेघा, दोन्ही जवळपास सारख्याच भरीव येतात. बोदोनीचा नियम याच्या नेमका आड येतो: उभं ते जाड, आडवं ते केसासारखं.

तो नियम तसाच लावला तर शिरोरेघा केसासारखी होते. रोमनमध्ये बारीक रेघा छोट्या, सुट्या असतात, इथे मात्र शब्दातली सगळ्यात बारीक रेघ हीच सगळ्यात लांब रेघ होते. तिच्यावर सगळा शब्द टांगलेला. लांबून बघताना तीच आधी विरते. काना असलेली अक्षरं कशीतरी उभी राहतात, पण ट, ठ, ड, ढ, द यांना स्वतःचा काना नाही, ती अधांतरी दिसतात. वरच्या मात्रा, वेलांटीची कमान, रफार यांचा खालच्या अक्षराशी संबंध तुटतो. उलट भीतीने शिरोरेघा कान्याएवढी जाड केलीत तर काळी पट्टी तयार होते आणि नाजूकपणा त्या पट्टीखाली दबून जातो. माझ्या मते उत्तर मधे आहे: काना १२० भागांचा आणि बारीक रेघ २२ची असेल तर शिरोरेघा ४० ते ५० ठेवावी. बोदोनीच्या चाहत्याला ती जाड वाटेल. वाटू द्या. मराठी वाचणाऱ्याचा डोळा शिरोरेघेवरूनच सरकतो.

तुमचाच शब्द घेऊ, 'पैठणी'. डावीकडून उभ्या जाड रेघा मोजा. 'प'ला एक काना. 'ठ'ला फक्त आखूड मान आणि खाली वाटोळं. मग 'ण'चे दोन उभे दांडे, आणि लगेच दीर्घ वेलांटीचा काना. म्हणजे शब्दाच्या मध्यभागी मोकळं गोल भगदाड आणि शेवटी तीन जाड खांब ओळीने. सगळे खांब १२०चे ठेवलेत तर शब्द उजवीकडे कलतो, नुसत्या अंतरांनी ते सावरत नाही. 'ण'चा डावा दांडा शंभरच्या आसपास आणा, त्याची खालची वळवलेली शेपटी बारीक रेघेवर संपवा, आणि 'ठ'च्या वाटोळ्याची जाडी कान्याहून किंचित जास्त ठेवा, १२६-१२८. गोल रेघ सरळ रेघेएवढीच जाड काढली तर डोळ्याला ती नेहमी बारीक वाटते. 'ठ'ची मानही केसासारखी करू नका. तिच्यावर अख्खं अक्षर लटकलेलं आहे.

वर 'पै'च्या दोन मात्रा. दोन बारीक, जवळजवळ समांतर रेघा शेजारी शेजारी आल्या की लहान मापात त्या एकमेकींत मिसळतात. मात्रा बुंध्याशी निमुळती आणि टोकाला भरलेली काढा, आणि दोघींमध्ये बारीक रेघेच्या तिप्पट तरी फट ठेवा. शेवटच्या वेलांटीची कमान 'ण'वरून येते, ती 'पै'च्या मात्रांच्या उंचीशी जुळवा, नाहीतर शब्दाचा माथा दातेरी दिसतो.

रोमन दीदोत 'a', 'c', 'r' या अक्षरांच्या टोकाला गोळे असतात, तसे गोळे देवनागरीच्या प्रत्येक टोकाला चिकटवायचा मोह होतो. आवरा. आपल्याकडे बोरूने आपोआप येणारा थेंब आहेच, 'ग'च्या आणि 'न'च्या गाठीत, 'ल'च्या आणि 'श'च्या सुरुवातीला. तोच जरा घोटून घ्या. 'त'च्या आणि 'र'च्या शेपटीला गोळा लावला की अक्षर सर्कशीतलं वाटू लागतं.

तयार फाँटपैकी नाव घ्यायचं तर रोझा वन. इंडियन टाइप फाउंड्रीचा, २०१४चा, मुक्त परवान्याचा, देवनागरी आणि रोमन दोन्ही असलेला, आणि जाड-बारीकाचा फरक टोकाचा. पण तो लठ्ठ जातीचा आहे, आणि वजनही एकच. दिवाळी सेलच्या पोस्टरवर दणक्यात उठतो, पैठणीच्या नाजूक नावाला मात्र जड पडेल. तरी उघडून मोठा करून बघाच. गाठी कशा सोडवल्या आहेत, जोडाक्षरांत बारीक रेघा कुठे ठेवल्या आहेत, हे शिकण्यासारखं आहे. बारीक, उंच, दीदो थाटाची देवनागरी हवी असेल तर एका शब्दासाठी फाँट शोधत बसण्यापेक्षा तो शब्द काढून घेणं शहाणपणाचं. सुलेखन येणाऱ्या माणसाकडून काढून घ्या, किंवा तुम्हीच हात बसवा. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची जुनी पुस्तकं मिळाली तर त्यांच्या मुखपृष्ठांवरची मोठी अक्षरं जरूर बघा. जावजी दादाजींनी १८६९मध्ये हा छापखाना काढला आणि तिथल्या खिळ्यांचं वळण पुढे दीर्घकाळ मराठी डोळ्याला 'बरोबर' वाटत राहिलं. जाड-बारीक आपल्या लिपीत कुठे मुरतं, ते तिथे दिसतं.

चित्र काढताना आधी कागदावर कान्याची उंची दहा सेंटिमीटर धरून काढा, मग स्कॅन करून संगणकावर कर्व्हमध्ये, म्हणजे वक्र रेषांत, उतरवा. जोडाक्षरं करायची असतील तर नुसती लहान करून एकाखाली एक बसवू नका. २२ भागांची रेघ सत्तर टक्के केली की १५ उरते आणि 'ट्ट' किंवा 'द्ध' छपाईत फुटतं. बारीक रेघ प्रत्येक वेळी नव्याने काढावी लागते. घोषवाक्य असेल तर मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' येतात ना, आणि 'साऱ्या', 'किनाऱ्या' यांतला अर्धा र नीट दिसतो ना, ते तपासा. या जातीच्या अक्षरात तो अर्धा र मिशीच्या केसाएवढा होऊन बसतो. घोषवाक्यासाठी मी तर टिरो देवनागरी मराठी घेईन. त्यात मराठी वळणं आहेत, जाड-बारीक आहे पण बेताचं, आणि बोदोनीशेजारी ते ओशाळवाणं वाटत नाही.

आणि अक्षरांमधलं अंतर. रोमन कॅपिटलं थोडी सुटी सोडली की उंची दिसतात, म्हणून डिझायनर मराठीलाही ट्रॅकिंग वाढवतात आणि शिरोरेघ तुकड्या-तुकड्यांची होते. देवनागरीत ते करू नका. मोकळेपणा हवा असेल तर अक्षराच्या आतली पोकळी वाढवा, शिरोरेघेची लांबी त्याबरोबर वाढते. दुसरं, फाँटमधल्या अक्षरांच्या शिरोरेघा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. कटिंगला किंवा फॉइलच्या ब्लॉकला फाइल देण्याआधी कोरलमध्ये त्या वेल्ड करून एकसंध केल्या नाहीत, तर कटर प्रत्येक सांध्यावर पातं फिरवतो आणि व्हिनाइल तिथेच सुटतं.

राहिली पाटी. पाटी मोठी म्हणजे सगळ्यात नाजूक कट चालेल, असं तुम्ही गृहीत धरलेलं दिसतं. तसं नाही. दहा मीटरवरून पाहिलेलं ३०० मिलिमीटरचं अक्षर डोळ्याला तेवढंच दिसतं, जेवढं हातातल्या कागदावर, चाळीस सेंटिमीटरवर, १२ मिलिमीटरचं अक्षर, म्हणजे साधारण ३४ पॉइंट. शिवाय चांगल्या नजरेला दहा मीटरवर तीन मिलिमीटरच्या खालची रेघ सुटी ओळखू येत नाही, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला आरामात दिसायला त्याच्या दुप्पट हवी. ३०० मिलिमीटरच्या अक्षरात सहा मिलिमीटर म्हणजे २० भाग. जमतं, पण जेमतेम, म्हणून पाटीसाठी बारीक रेघ २८-३० करून घ्या आणि शिरोरेघा ५५. कार्डासाठी ३५ आणि ६०. २२चं मूळ चित्र दुकानाच्या काचेवर, जिथे गिऱ्हाईक हाताच्या अंतरावर उभं असतं, आणि कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर वापरा. एकाच शब्दाची तीन चित्रं करायची आणि फाइलच्या नावातच पाटी, कार्ड, काच असं लिहून ठेवायचं, म्हणजे पुढे कुणी चुकीची उचलणार नाही.

दिव्यांचं आधीच ठरवा. आत एलईडी बसवलेली खोक्याची अक्षरं करायची तर सहा-आठ मिलिमीटरच्या रेघेत मॉड्यूल मावतच नाही. रात्री जाड खांब उजळतात, बारीक रेघा काळोखात जातात आणि 'ठ'चं नुसतं अर्धवर्तुळ लोंबकळताना दिसतं. त्यापेक्षा एसएसच्या (स्टेनलेस स्टीलच्या) पत्र्यातून अख्खा शब्द एकसंध कापून घ्या, भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे बसवा आणि प्रकाश मागून भिंतीवर टाका. अक्षर काळं, कडेने उजेड, आणि बारीक रेघ शाबूत. मागची भिंत फिकट आणि मॅट हवी. चकचकीत एसीपी (अ‍ॅल्युमिनियमचं पॅनेल) लावलंत तर मागचे दिवेच त्यात दिसतील.

महाराष्ट्रात २०२२च्या दुरुस्तीनंतर पाटीवरचं मराठी नाव इतर लिपीतल्या नावापेक्षा लहान ठेवता येत नाही, त्यामुळे इंग्रजी मोठं आणि मराठी खाली कोपऱ्यात ही मांडणी तशीही बाद. दोन्हींचा पॉइंट सारखा ठेवून भागत नाही, कारण सारख्या पॉइंटला निरनिराळ्या फाँटची अक्षरं कमी-जास्त उंच भरतात. मी मराठीत शिरोरेघेपासून कान्याच्या तळापर्यंत आणि इंग्रजीत कॅपिटलची उंची, अशी फुटपट्टीने मोजतो आणि मराठी दोन-चार टक्के वरच ठेवतो. मग मात्रा आणि वेलांट्यांसाठी वर जागा सोडायची, कान्याच्या उंचीच्या निम्मी तरी. ती सोडली नाही तर पाटी बनवणारा ऐन वेळी शब्द दाबून बसवतो, आणि आडवा-उभा वेगळ्या टक्क्यांनी दाबला की तुमच्या २८ आणि १२०चं गणित तिथेच मोडतं. कामाच्या कागदावर स्पष्ट लिहा: अक्षर फक्त प्रमाणात लहान-मोठं करावं, आणि पत्रा कापण्याआधी 'ण' आणि 'ठ' पूर्ण मापात फ्लेक्सवर छापून समोरच्या फुटपाथवरून दाखवावेत.

वेबसाइटचं फारसं काही नाही. १६ पिक्सेलला २० भागांची रेघ म्हणजे पिक्सेलचा एक तृतीयांश, स्क्रीन ती राखाडी करून टाकते. साठ पिक्सेलच्या वर बोदोनी, खाली साधं अक्षर. बोदोनी मोडा गूगलवरून घेताना लिंकमध्ये ऑप्टिकल साइझचा अक्ष मागून घ्या, मग ब्राउझर माप बघून योग्य चित्र आपोआप लावतो. मराठी नाव मात्र एसव्हीजी चित्र म्हणूनच टाका, मोबाइलसाठी कार्डाचं आणि मोठ्या पडद्यासाठी काचेचं.